दातांना जागा कोठून मिळते?

मनुष्याला आयुष्यात दोन वेळा दात येतात. पहिला संच दुधाच्या २० दातांचा आणि दुसरा कायमच्या ३२ दातांचा. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे दात येण्याची क्रिया साधारणतः सहाव्या वर्षी सुरू होते व बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत चालते. अक्कलदाढा तेवढ्या मागाहून येतात. या अवधीत जबड्याची वाढ आणि नव्या दातांची रुंदी यांचा मेळ बसला, तर दात एका सुबक कमानीत उभे राहतात. मेळ बसला नाही, तर मागून येणाऱ्या दाताला आपली जागा शेजाऱ्यांनी आधीच व्यापलेली आढळते. मग तो पुढे, मागे किंवा तिरपा उगवतो आणि कधी कधी हाडातच अडकून पडतो. वरचा सुळा हिरडीतून उंचावर डोकावताना पुष्कळ मुलांत दिसतो. त्याचे कारण बहुधा हेच असते, की तो उशिरा येतो आणि तोवर कमान भरून गेलेली असते.

अशा दातांवर तारा बसवतात, हे आता खेड्यापाड्यांतील वाचकांनाही ठाऊक झाले आहे. परंतु तार दाताला फिरवू शकते, सरकवू शकते. नसलेली जागा ती निर्माण करू शकत नाही. शाळेतील बाकावर चौघांच्या जागेत पाच मुले बसली असतील, तर त्यांना नुसते ‘नीट बसा’ म्हणून भागत नाही. एक तर बाक लांब केला पाहिजे, नाही तर प्रत्येकाने थोडे अंग चोरले पाहिजे, किंवा कोणी तरी उठून गेले पाहिजे. दंतवैद्यापुढेही हेच मार्ग असतात. त्या प्रत्येक मार्गासाठी निरनिराळी साधने आहेत. त्यांत आठवडाभर दातांत राहणारी लहानशी रबरी कडी आहे, तसाच टाळूचे हाड मधोमध उघडणारा स्क्रूही आहे. या साऱ्यांना लोक सरसकट ‘जागा करणारी साधने’ म्हणतात आणि तेथेच घोटाळा होतो. कारण त्यांची तुलना करताना दोन प्रश्न प्रथम विचारावे लागतात: हे साधन जागा किती देते, आणि ती कोठून आणते?

दात सरकतो कसा?

दाताचे मूळ हाडात रोवलेले असले, तरी भिंतीतील खिळ्याप्रमाणे ते ठोकून बसवलेले नसते. मूळ आणि हाड यांच्या दरम्यान तंतूंचे एक अस्तर असते. त्याची जाडी अवघी पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. या तंतूंच्या झोळीत दात जणू टांगलेला असतो. दातावर हलका पण सतत दाब ठेवला, की ज्या बाजूस अस्तर दाबले जाते त्या बाजूचे हाड अस्थिभंजक पेशी हळूहळू पोखरतात. ज्या बाजूस तंतू ताणले जातात त्या बाजूस अस्थिजनक पेशी नवे हाड घालतात. अशा रीतीने पुढचे हाड विरघळत व मागचे भरत जाऊन दात आपल्या खोबणीसह सरकतो. महिन्याकाठी सुमारे एक मिलिमीटर हा त्याचा नेहमीचा वेग होय. जोर वाढवल्याने वेग त्या प्रमाणात वाढत नाही; उलट अस्तरातील रक्तपुरवठा तुटून काम खोळंबते आणि दुखणे मात्र वाढते.

जागा करणारी काही साधने अशा प्रकारे दाताला हाडातून सरकवतात. काही साधने मात्र दाताला धरून त्याखालचे हाडच हलवतात. हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे पुढील तुलना समजण्यास सोपी जाईल.

आठवड्याचे पाहुणे: विलगक

सर्वांत साधे साधन म्हणजे विलगक. दंतवैद्य त्याला ‘सेपरेटर’ म्हणतात. तारांच्या उपचारात मागच्या दाढांभोवती धातूचे पातळ कडे, म्हणजे ‘बँड’, बसवण्याची पद्धत आहे. निसर्गतः दाढा एकमेकींना इतक्या चिकटून असतात, की त्यांच्या फटीत हे कडे शिरत नाही. कड्याचा पत्रा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही पातळ असतो. तरी तेवढीही वाट तेथे नसते. ती वाट करून देणे एवढेच विलगकाचे काम.

विलगकाचे तीन प्रकार प्रचारात आहेत. पहिली रबरासारख्या लवचीक पदार्थाची कडी. ती चिमट्याने ताणून पातळ करतात आणि दोन दाढांमध्ये सरकवतात. चिमटा सोडला, की कडी मूळ जाडीवर येऊ पाहते व त्या प्रयत्नात दाढांना दूर सारते. ती बसवणे सोपे आणि रुग्णाला सोयीचे असल्याने आज तिचाच वापर सर्वाधिक होतो. मात्र ती निसटून हिरडीखाली गेली आणि तशीच राहिली, तर हिरडीस सूज येते व आतील हाडाचीही हानी होते. क्ष-किरणांच्या चित्रात रबर सहसा उमटत नाही. म्हणून या कड्या मुद्दाम निळ्या, हिरव्या अशा भडक रंगांच्या करतात आणि काढताना मोजून घेतात.

दुसरा प्रकार पोलादी स्प्रिंगचा. केस्लिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचा एक पाय दोन दाढांच्या संपर्कबिंदूखालून जातो, दुसरा वरून; वेटोळ्याच्या ताणाने दोन्ही पाय जवळ येऊ पाहतात आणि दाढा अलग होतात. जेथे दाढा इतक्या घट्ट असतात की रबर आत जातच नाही, तेथे ही स्प्रिंग उपयोगी पडते. परंतु फट रुंदावली म्हणजे ती सैल होऊन गळून पडण्याचा, क्वचित गिळली जाण्याचाही संभव असतो.

तिसरा व सर्वांत जुना प्रकार पितळेच्या मऊ तारेचा. ही तार संपर्कबिंदूभोवती गुंडाळून तिची टोके पिळतात व पीळ फटीत दाबून बसवतात. ती सहसा निसटत नाही. मात्र ती बसवण्यास हात सरावलेला लागतो, आणि टोक बाहेर राहिले तर ते गालाला बोचते. आता नित्याच्या कामातून ती मागे पडली असली, तरी एका कामी तिची आठवण अद्याप होते. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ कधी कधी दुधाच्या दाढेखाली अडकते. तेव्हा दोहोंमध्ये पितळेची तार घालून तिला मोकळी करतात.

तिन्ही प्रकारांनी मिळणारी फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते आणि तीस काही दिवसांपासून एक आठवडा लागतो. पहिले दोन दिवस दाढा दुखतात, चावताना विशेष. पुढे दुखणे आपोआप ओसरते. या दिवसांत चिक्की, खारीक, च्युइंगम असले चिवट पदार्थ वर्ज्य करावेत. कडी आधीच पडून गेली, तर दाढा एक-दोन दिवसांतच पुन्हा जवळ येऊ लागतात. म्हणून ही गोष्ट दंतवैद्यास लगेच कळवावी. वेड्यावाकड्या दातांना सामावून घेणारी जागा ही नव्हे, हेही येथेच स्पष्ट करणे बरे. विलगकाने कमान लांब होत नाही. ते केवळ कारागिराला हत्यार घालण्यापुरती फट करून देते.

एके काळी विलगकाचे महत्त्व याहून पुष्कळ अधिक होते. प्रत्येक दाताभोवती कडे बसवावे लागे, त्यामुळे प्रत्येक दोन दातांत विलगक घालावे लागत आणि उपचार संपल्यावर कड्यांनी अडवलेली फट निराळी बुजवावी लागे. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दातावरील दंतवल्क आम्लाने खरखरीत करून त्यावर प्लास्टिकसदृश द्रव्य चिकटवता येते, असे दाखवले. त्यातून पुढे दातावर थेट ब्रॅकेट चिकटवण्याची पद्धत निघाली आणि सत्तरीच्या दशकाअखेरीस ती रूढ झाली. तेव्हापासून कडी फक्त दाढांपुरती उरली. पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांनी दात सरळ करण्याच्या अलीकडच्या पद्धतीत तर तीही लागत नाहीत.

टाळूची शिवण

खरी जागा हवी असेल, म्हणजेच बाक लांब करावयाचा असेल, तर कमान रुंद करावी लागते. वरच्या जबड्यात निसर्गाने यासाठी एक सोय ठेवली आहे. वरचा जबडा एकसंध नसून उजवे व डावे अशी दोन हाडे मिळून बनलेला असतो. ती दोन्ही टाळूच्या मध्यरेषेवर एका शिवणीने जोडलेली असतात. बालपणी ही शिवण तंतूंची व सैल असते.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी १८६० साली एक विलक्षण वृत्तांत प्रसिद्ध केला. साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूवर त्यांनी आडवा स्क्रू बसवला आणि तो रोज फिरवण्यास तिला सांगितले. दोन आठवड्यांत तिच्या समोरच्या दोन दातांत मोठी फट पडली. त्यावरून जबड्याची दोन हाडेच अलग झाली, असा निष्कर्ष एंजेल यांनी काढला. क्ष-किरणांचा शोध लागण्यास तेव्हा ३५ वर्षांचा अवकाश होता. पुरावा दाखवण्याचा मार्ग नसल्याने समकालीनांनी त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला नाही आणि अमेरिकेत ही पद्धत दीर्घकाळ अडगळीत पडली. इलिनॉय विद्यापीठातील अँड्र्यू हास यांनी प्रथम डुकरांवर प्रयोग केले, नंतर रुग्णांवर उपचार केले आणि १९६१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा एंजेल यांचे म्हणणे शंभर वर्षांनी खरे ठरले.

या साधनास टाळू-विस्तारक म्हणता येईल. दोन्ही बाजूंच्या दाढांना व बहुधा उपदाढांनाही ते पक्के जखडलेले असते. मधोमध स्क्रू असतो. पालकाने लहानशा किल्लीने स्क्रूला पाव फेरा दिला, की सुमारे पाव मिलिमीटर रुंदी वाढते. सकाळी एक व संध्याकाळी एक असे दोन पाव फेरे दिले, तर रोज अर्धा मिलिमीटर आणि दोन-तीन आठवड्यांत सात ते दहा मिलिमीटर रुंदी मिळते. स्क्रूचा दाब दहा ते वीस पौंडांपर्यंत, म्हणजे साडेचार ते नऊ किलोग्रॅमपर्यंत चढतो. एवढ्या जोराने व वेगाने दात हाडातून सरकण्यापूर्वीच शिवण उघडते. समोरच्या दोन दातांत फट पडते, तीच शिवण उघडल्याची खूण होय. ती पाहून पालक घाबरतात. पण हिरडीतील ताणलेले तंतू ते दात काही महिन्यांत पुन्हा जवळ ओढून आणतात.

विस्तारकांत दोन घराणी आहेत. हास यांच्या साधनात टाळूला टेकणाऱ्या अॅक्रिलिकच्या दोन गाद्या असतात. दाब केवळ दातांवर न पडता टाळूवरही विभागला जावा, हा त्यामागील हेतू. परंतु गादीखाली अन्न अडकते आणि टाळूची त्वचा लाल होते. १९६८ साली बीडरमन यांनी गाद्या वगळून केवळ धातूचा विस्तारक सुचवला. तो ‘हायरॅक्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. तो ब्रशाने व चूळ भरून स्वच्छ ठेवता येतो, म्हणून आज तोच अधिक प्रचारात आहे.

शिवण उघडली म्हणजे काम संपले, असे नव्हे. दोन हाडांमधील पोकळीत नवे हाड भरण्यास तीन ते सहा महिने लागतात. तोवर स्क्रू न फिरवता साधन तोंडात तसेच ठेवावे लागते. रुंदी तर मिळाली, आता हे लोढणे कशाला, असे म्हणून ते लवकर काढून घेतले, तर हाडे परत जवळ येतात आणि सारे श्रम वाया जातात.

वेग की सावकाशपणा?

हीच रुंदी सावकाशही मिळवता येते. लंडनमधील वॉल्टर कॉफिन यांनी १८८१ च्या सुमारास इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकाराची स्प्रिंग बसवलेली दुभंगी पट्टी वापरात आणली. त्याच कल्पनेचा विस्तार म्हणजे ‘क्वाड-हेलिक्स’ हे साधन. अमेरिकेतील रॉबर्ट रिकेट्स यांनी सत्तरीच्या दशकात ते लोकप्रिय केले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेला चार वेटोळी घालून ती टाळूलगत बसवतात व दाढांना जोडतात. तिला स्क्रू नाही, किल्ली नाही. दंतवैद्य बसवण्यापूर्वी ती थोडी फाकवतो आणि पूर्वस्थितीवर येण्याच्या तिच्या ओढीने कमान रुंदावते. याखेरीज स्क्रू असलेली काढती-घालती पट्टीही असते. तिचा गुण असा, की ती काढून धुता येते. तिचा दोषही तोच. जी काढता येते, ती मुले काढून ठेवतात.

वेगवान आणि संथ यांपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद बरीच वर्षे चालला. वेगवान पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे असे, की तिने हाड हलते, तर संथ पद्धतीने केवळ दात कलतात. अमेरिकेतील पाठ्यग्रंथकार विल्यम प्रॉफिट यांनी या वादाचा जो हिशेब मांडला आहे, तो उद्बोधक आहे. वेगवान पद्धतीने दोन आठवड्यांत १० मिलिमीटर रुंदी मिळाली, तर त्या क्षणी तीत हाडाचा वाटा सुमारे ८ आणि दातांचा २ मिलिमीटर असतो. पण दात विस्तारकाने जागच्या जागी धरून ठेवलेले असताना हाडे आतून हळूहळू परत सरकतात आणि चार महिन्यांनी पाहावे, तर वाटणी ५ आणि ५ अशी झालेली असते. संथ पद्धतीने आठवड्याला एक मिलिमीटर या गतीने दहा आठवड्यांत १० मिलिमीटर रुंदी मिळवली, तर तीतही वाटणी जवळजवळ ५ आणि ५ अशीच येते. अर्थात मुक्काम एकच; रस्ते निराळे. लहान मुलांत संथ पद्धतीने ऊतकांवर ताण कमी पडतो, म्हणून तिकडे कल अधिक आहे. सात-आठ वर्षांच्या मुलात जोराने शिवण उघडली, तर नाकाच्या आकारावर परिणाम होण्याची भीती असते.

येथे आणखी एक हिशेब सांगितला पाहिजे. कमान १ मिलिमीटर रुंद केल्याने दातांसाठी १ मिलिमीटर जागा मिळत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की उपदाढांपाशी जेवढी रुंदी वाढते, तिच्या सुमारे ०.७ पट कमानीचा परीघ वाढतो. म्हणजे ६ मिलिमीटर रुंदीकरणातून दातांना ४ मिलिमीटरांच्या आसपास जागा मिळते. विस्तारकाचा मूळ उपयोग अरुंद वरचा जबडा खालच्या जबड्याच्या मापात आणणे हा आहे. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील, तर त्यासारखे साधन नाही. जबड्याची रुंदी मुळात योग्य असताना केवळ जागेसाठी तो ताणणे, ही गोष्ट वेगळी.

वय आणि खालचा जबडा

विस्तारकाचे यश वयावर अवलंबून असते. डेन्मार्कमधील संशोधिका बिर्टे मेल्सन यांनी १९७५ साली टाळूच्या शिवणीचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून तिच्या अवस्था वर्णिल्या. बालपणी ती रुंद व बरीचशी सरळ असते. पुढे नागमोडी होते. आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर दोन्ही हाडांचे दाते एकमेकांत असे गुंततात, की सुतारकामातील दातेरी सांध्याची आठवण व्हावी. हे सर्वांत एकाच वयात घडत नाही. स्वीडनमधील पेर्सन व थिलँडर यांना १९७७ सालच्या अभ्यासात पंधराव्या वर्षीच शिवण सांधू लागल्याचे आढळले, तसेच २७ व्या वर्षीही ती मुळीच न सांधलेली दिसली. म्हणून केवळ जन्मतारखेवर विसंबून चालत नाही. तरी सर्वसाधारणपणे किशोरवय संपण्यापूर्वी हे काम सोपे, नंतर अवघड, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रौढांत शिवण न उघडता नुसता जोर लावला, तर दाढा गालाकडे कलतात, मुळे हाडाबाहेर सरकू लागतात आणि हिरडी उतरते. यावर पूर्वी एकच उपाय होता: शस्त्रक्रियेने हाड सैल करून मग विस्तारक फिरवणे. २०१० नंतर कोरियातील दंतवैद्यांच्या कामातून दुसरा मार्ग पुढे आला. त्यात टाळूच्या हाडात बारीक स्क्रू रोवून विस्तारक थेट हाडाला जखडतात. तरुण प्रौढांत तो पुष्कळदा यशस्वी होतो. तथापि वय वाढेल तशी यशाची खात्री कमी होत जाते.

खालच्या जबड्याची कथा निराळी आहे. त्याचीही मधोमध शिवण असते, परंतु ती पहिल्या वर्षाच्या आसपासच सांधून जाते. सबब खालच्या कमानीला रुंद करणारे कोणतेही साधन हाड उघडत नाही. ते फक्त दातांना बाहेर कलवते. ओठ आणि गाल आतून जीभ यांच्या तोलात उभे असलेले हे दात साधन निघाल्यावर पुन्हा आत येऊ लागतात. अमेरिकेतील सिअॅटल येथे रॉबर्ट लिट्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना उपचारानंतर अनेक वर्षांनी पुन्हा तपासले. बालपणी खालची कमान ताणून जागा केलेल्यांपैकी बहुतेकांच्या दातांत पुन्हा दाटी झालेली त्यांना दिसली. ‘विस्तारकाने सर्व काही साधते, दात काढावेच लागत नाहीत’ असे कोणी सांगू लागले, तर खालच्या जबड्याचे काय, असे त्यास अवश्य विचारावे.

राखलेली जागा

नवी जागा करण्याहून असलेली राखणे केव्हाही स्वस्त. दुधाच्या दोन दाढा आणि सुळा यांची एकत्रित रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांहून थोडी अधिक असते. अमेरिकेतील हेज नान्स यांनी १९४७ साली हा फरक मोजून दाखवला: वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सरासरी ०.९ मिलिमीटर आणि खालच्यात १.७ मिलिमीटर. खालच्या दोन्ही बाजू मिळून ही शिल्लक ३.४ मिलिमीटर भरते. दुधाच्या दाढा पडताच मागची मोठी दाढ पुढे सरकून ती खाऊन टाकते. परंतु त्याच सुमारास खालच्या दातांच्या आतील बाजूने दाढेपासून दाढेपर्यंत एक साधी तार बसवली, तर दाढ जागीच राहते आणि ही शिल्लक समोरच्या दातांच्या उपयोगी येते. मध्यम दाटी असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांत एवढ्याने काम भागते, असे अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले आहे. या तारेला ना स्क्रू, ना जोर. ती केवळ पहारा करते.

आपल्याकडे याच ठिकाणी मोठी हानी होते. दुधाची दाढ किडली, की ‘दुधाचाच दात, पडणारच आहे’ म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. ती अकाली काढावी लागली, तर मागची दाढ पुढे झुकते आणि खाली वाढणाऱ्या उपदाढेची वाट बंद होते. अशा वेळी रिकाम्या जागेपलीकडे टेकणारा तारेचा फास असलेले एक कडे बसवले, तरी जागा शाबूत राहते. पुढे वर्षानुवर्षांच्या तारांचा खर्च ज्याने वाचू शकतो, असे हे साधन सर्वांत कमी मागितले जाते, ही खेदाची गोष्ट होय.

अंग चोरणे आणि उठून जाणे

दाटी थोडी असेल, तर दातांच्या कडा किंचित घासून जागा करता येते. दोन दातांच्या मधल्या दंतवल्काचा निम्म्याहून अधिक भाग कधीही घासू नये, असा दंडक आहे. त्या मर्यादेत दर दोन दातांमध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर मिळतो. एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत असे पाच सांधे असतात. म्हणजे समोरच्या दातांत मिळून अडीच मिलिमीटर. ही जागा पक्की असते, परंतु घासलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. डोक्याला किंवा मानेला आधार घेणाऱ्या पट्ट्यांनी अथवा टाळूवरील स्प्रिंगांनी वरच्या दाढा मागे ढकलण्याचाही मार्ग आहे. तो काही मिलिमीटर देतो, पण चिकाटी मागतो.

शेवटचा मार्ग निरोगी दात काढण्याचा. यावर या शास्त्रात जेवढे वादळ उठले, तेवढे दुसऱ्या कशावरही नसेल. आधुनिक दंतवक्रता-उपचाराचे जनक एडवर्ड अँगल यांचा आग्रह असा, की निसर्गाने दिलेला एकही दात काढू नये; कमान रुंद करावी, म्हणजे हाड मागाहून येईल. कॅल्व्हिन केस यांनी १९११ साली अमेरिकेतील दंतवैद्यांच्या सभेत याला विरोध केला. त्या काळी अँगल यांच्या पक्षाचा जय झाला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या रुग्णांचे दात उपचारानंतर पुन्हा वाकडे झालेले दिसले. त्यांनी त्यांतील अनेकांच्या उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि चाळीसच्या दशकात ते निकाल सर्वांपुढे ठेवले. त्यानंतर दात काढण्याचे प्रमाण इतके वाढले, की उलट टीका सुरू झाली. आज कोणताही पक्ष सर्वस्वी बरोबर मानला जात नाही.

निवड कशी करावी?

वाद मिटवण्यास तत्त्वाहून गणित अधिक उपयोगी पडते. एक उपदाढ सुमारे ७ मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंच्या दोन काढल्या, तर १४ मिलिमीटर जागा मोकळी होते. दाटी ४ मिलिमीटरांचीच असेल, तर उरलेले १० मिलिमीटर बुजवण्यासाठी समोरचे दात आणि मागच्या दाढा खेचाव्या लागतील. एवढ्यासाठी दोन निरोगी दात देणे बहुधा शहाणपणाचे नव्हे. तेथे राखलेली शिल्लक, थोडे घासणे आणि वरचा जबडा अरुंद असल्यास विस्तारक, यांनी भागते. उलट दाटी १० मिलिमीटरांची असेल आणि ती केवळ रुंदीकरणाने भागवावयाची, तर कमान सुमारे १४ मिलिमीटर ताणावी लागेल. तेवढे ना हाड देते, ना ओठ-गाल टिकू देतात. तेथे दोन दातांचा त्याग उरलेल्यांच्या हिताचा ठरतो.

म्हणून अमुक साधन चांगले व तमुक वाईट, अशी यादी करता येत नाही. विलगक पाव मिलिमीटर देतो आणि आठवड्यात निरोप घेतो. विस्तारक शिवणीतून घेतो, पण वयाची मर्यादा पाळतो. पहारेकरी तार निसर्गाची शिल्लक वाचवते. घासणे दंतवल्कातून घेते आणि दात काढणे संपूर्ण दाताएवढे घेते. कोणतेही साधन शून्यातून जागा उत्पन्न करीत नाही.

मूल सात वर्षांचे झाले, की एकदा त्याचे दात जाणत्या दंतवैद्यास दाखवावेत. तारा लगेच लावाव्यात म्हणून नव्हे, तर शिवण सैल आहे व शिल्लक जागा खर्च झालेली नाही, तोवर हाती असलेले मार्ग कळावेत म्हणून. उपचार सुचवला गेला, तर पालकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: जागा किती मिलिमीटर हवी आहे, ती कोठून घेणार, आणि घेतल्यावर ती टिकवणार कशी. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, की साधनाची निवड निर्धास्तपणे दंतवैद्यावर सोपवावी. तसेच शेवटी दिलेला ‘रिटेनर’, म्हणजे दात धरून ठेवणारी पट्टी किंवा तार, सांगितलेल्या मुदतीपर्यंत नेमाने वापरावी. कारण हाडात आलेला बदल पक्का होण्यास वेळ लागतो आणि दात तोवर आपल्या जुन्या जागेकडे परत सरकू पाहतात.